बंदूक किंवा स्वसंरक्षण शिकवायचं असेल, तर आधी काय शिकायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "बरीच वर्षं कराटे करतो, ब्लॅक बेल्ट आहे. काही काळापासून क्लबमध्ये पिस्तूल नेमबाजीही करतो. वय 41. स्वसंरक्षणाचा आणि बंदुकीचा प्रशिक्षक व्हायचं मनात आहे. कोणतं प्रमाणपत्र घ्यावं, किती दिवस लागतात, यावर घर चालतं का आणि मला उशीर तर झाला नाही ना?" मी दोन्ही शिकवते, त्यामुळे दोन्हींबद्दल एकत्रच लिहिते.

प्रमाणपत्राचं आधी उरकते. प्रश्नात त्याला सगळ्यात जास्त जागा आहे आणि प्रत्यक्षात त्याचं वजन सगळ्यात कमी. बंदुकीच्या बाजूला दोन वेगळ्या वाटा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक क्रीडा नेमबाजीची. 1907 साली सुरू झालेली आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघटना आयएसएसएफ प्रशिक्षकांना डी, सी, बी, ए असे चढत्या पायरीचे परवाने देते. दहा मीटरवरच्या एअर पिस्तुलात एखाद्याला अंतिम फेरीपर्यंत न्यायचं असेल तर ही वाट. दुसरी वाट सुरक्षित हाताळणी आणि बचावासाठीचा वापर शिकवणाऱ्यांची. अमेरिकेतली एनआरए (नॅशनल रायफल असोसिएशन) आज राजकारणासाठी ओळखली जाते, पण 1871 मध्ये ती निघाली ती सैनिकांची नेमबाजी फार कच्ची आहे या तक्रारीतून, आणि तिथले बरेच नागरी प्रशिक्षक आजही तिच्याच अभ्यासक्रमातून तयार होतात. तुम्ही जिथे शिकवणार तिथे नागरिकाच्या हाती बंदूक द्यायला कायद्याने काय लागतं, रेंजला, म्हणजे नेमबाजीच्या जागेला, कोणाची मान्यता लागते आणि ती रेंज कोणाचं प्रमाणपत्र मानते, हे आधी विचारा. बहुतेक वेळा निवड तिथेच संपते.

स्वसंरक्षणाला तर जगभर मान्य अशी एकही संस्था नाही. कोणीही आठवड्याअखेरचा वर्ग घेऊन "मास्टर इन्स्ट्रक्टर" असं छापून देऊ शकतो, आणि देतात. म्हणून अभ्यासक्रम निवडताना मी दोनच गोष्टी विचारायला सांगते. तिथे तुमच्या कौशल्याची परीक्षा होते की शिकवण्याची? म्हणजे तुम्हाला अनोळखी नवशिका समोर देऊन धडा घ्यायला लावतात का? आणि तिथे कोणी नापास होतं का? पैसे भरलेला प्रत्येक जण पास होत असेल तर तो कागद पावतीच्या लायकीचा.

आता तुमच्या ब्लॅक बेल्टबद्दल, जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. त्याने तुम्हाला तोल दिला, अंतराचा अंदाज दिला, शिस्त दिली आणि वर्गात उभं राहायची सवय दिली. पण तुमचा जोडीदार बहुतेक वेळा ठरलेला हल्ला ठरलेल्या हाताने करत आला असेल, आणि तुमचा बचाव लागू झाला की तो हात सैल सोडत असेल. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये जूडो उभा केला तेव्हा जुन्या जुजुत्सूतले धोकादायक प्रकार मुक्त सरावातून बाजूला ठेवले. त्यामुळे उरलेले प्रकार पूर्ण जोराने, विरोध करणाऱ्या माणसावर रोज करता येऊ लागले. हा सराव म्हणजे रँडोरी. कागदावर कमी घातक असलेली तंत्रं हातात जास्त पक्की बसली ती यामुळे. तुम्ही जे शिकवणार आहात त्यातलं प्रत्येक तंत्र तुमच्यापेक्षा जड, न सांगता चालून येणाऱ्या आणि हात न सोडणाऱ्या माणसावर करून बघा. जे टिकणार नाही ते अभ्यासक्रमातून काढा, मग ते कितीही देखणं असो. माझ्या बघण्यात मनगटाची कुलपं (मनगट पिळून जखडणं) आणि चाकू हिसकावून घेण्याचे प्रकार या चाचणीत सर्वांत आधी गळतात, आणि जाहिरातीच्या व्हिडिओंत नेमके तेच सर्वांत जास्त दिसतात.

माझ्या मते या कामाचं मर्म थांबवण्यात आहे. रांग थांबवणं, सराव थांबवणं, स्वतःची हौस थांबवणं आणि कधीकधी विद्यार्थ्यालाच दारात थांबवणं. नेम चांगला असलेली, लाथ डोक्यापर्यंत जाणारी माणसं पुष्कळ मिळतात. पण कोपऱ्यातल्या तिसऱ्या माणसाचं बोट ट्रिगरवर सरकतंय हे दिसणारी आणि त्या क्षणी वर्गाची लय बिघडेल म्हणून न कचरता ओरडणारी फार कमी. ही नजर कोणत्याही दोन-तीन दिवसांच्या अभ्यासक्रमात येत नाही. ती सहायक म्हणून उभं राहून येते, म्हणून "किती दिवस लागतात" याचं उत्तर अभ्यासक्रमाच्या दिवसांत देताच येत नाही. एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाच्या मागे निदान एक-दोन वर्षं, विनामोबदला किंवा नाममात्र मोबदल्यावर, पॅड धरा, टार्गेट बदला, मॅट पुसा आणि बघा.

काय बघायचं? रेंजवर नवखा सहायक टार्गेटकडे बघतो. बघायचे असतात हात. गोळी कुठे लागली हे कागद नंतरही सांगेल, तो कुठे पळून जात नाही. विद्यार्थ्याच्या ट्रिगरच्या हाताच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे आणि हात पोहोचेल एवढ्या अंतरावर उभं राहायचं, म्हणजे गरज पडली तर मनगट धरून नळी समोरच रोखता येते. डावखुरा असेल तर तुमची जागा बदलते, हे रांगेत विसरायला होतं. नळी चुकीच्या दिशेला वळण्याचा सगळ्यात नेहमीचा प्रसंग मस्तीतून येत नाही, सभ्यपणातून येतो. बंदूक अडकते, विद्यार्थी गोंधळतो आणि विचारायला म्हणून सरळ तुमच्याकडे वळतो. हातात पिस्तूल, चेहऱ्यावर प्रश्न. बोलणाऱ्याकडे तोंड करणं ही आयुष्यभराची सवय आहे, ती पंधरा मिनिटांच्या सूचनांनी जात नाही. म्हणून पहिल्याच तासाला, रिकाम्या बंदुकीवर, हाच प्रसंग मुद्दाम घडवायचा: अडकली, नळी समोरच, बोट बाहेर, मान न वळवता मोकळा हात वर. हे दहा वेळा करून घेतलेला विद्यार्थी पुढे खूप त्रास वाचवतो.

सुरक्षेचे चार नियम अमेरिकेतले नेमबाजी-प्रशिक्षक जेफ कूपर यांच्या नावाने जगभर पोहोचले. 1976 मध्ये ॲरिझोनात त्यांनी जी शाळा सुरू केली तिथून आधुनिक पिस्तूल-प्रशिक्षणाची बरीच भाषा आली. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. जे नष्ट करायची तयारी नाही त्यावरून नळी फिरवायची नाही. बंदुकीचा नेम निशाण्यावर येईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. आणि निशाणा कोणता व त्याच्या पलीकडे काय आहे हे नक्की माहीत हवं. हे पाठ करून घेणं सोपं असतं. ते असे का रचले आहेत हे समजावलं तर ते टिकतात. यातला एखादा नियम एकटा मोडला तर बहुतेक वेळा नुसती घाबरगुंडी होते. माणूस जखमी व्हायला साधारण दोन नियम एकाच वेळी मोडावे लागतात. चुकून गोळी सुटली पण नळी मातीच्या बांधाकडे होती, तर नुकसान मातीचं. म्हणूनच "रिकामीच आहे हो" हे वाक्य मी वर्गात चालवून घेत नाही. ते म्हणणारा माणूस बाकीचे तिन्ही नियम एकदम सोडून द्यायच्या बेतात असतो.

2014 च्या ऑगस्टमध्ये ॲरिझोनातल्याच एका रेंजवर नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती उझी सबमशीनगन देण्यात आली. आधी एकेक गोळी झाडली गेली, ते ठीक झालं. मग बंदूक स्वयंचलित फैरीवर केली गेली, धक्क्याने नळी वर आणि डावीकडे उसळली आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षक त्यात गेला. प्रशिक्षक होणाऱ्या प्रत्येकाशी मी या घटनेबद्दल बोलते. त्यातले प्रश्न कोरडे आहेत, पण महत्त्वाचे: हे शस्त्र या शरीराला पेलेल का, पुढची पायरी घ्यायची गरज होती का, मॅगझिनमध्ये किती गोळ्या हव्या होत्या आणि प्रशिक्षक कुठे उभा होता. नव्या शस्त्रावर पहिल्या वेळी मॅगझिनमध्ये एकच गोळी, ही माझ्याकडे न बदलणारी रीत आहे. मग विद्यार्थी कितीही धिप्पाड असो, आणि "मी आधी चालवलीय" असं कितीही सांगत असो.

सरावासाठी रिकामी बंदूक वापरताना गोळ्या त्याच खोलीत नकोत. टेबलावर नकोत, खिशात नकोत, कपाटात बंद करूनही नकोत; दुसऱ्या खोलीत. प्रसंग उभे करून सराव घेताना तर खरी शस्त्रं दाराबाहेर ठेवायची आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला, प्रशिक्षकासकट, दोघांनी वेगवेगळं तपासायचं. जेवणाच्या सुटीनंतर पुन्हा पहिल्यापासून. घात या सुटीनंतरच होतो, कारण सकाळी तपासलेलं असतं ना!

प्रशिक्षकाच्या स्वतःच्या शरीराबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून थोडं. बंदुकीच्या आवाजाचं शिखर साधारण 140 डेसिबलपासून सुरू होऊन 170 च्या पुढेही जातं, आणि 140 च्या वर एकच आवाजही कानाला कायमचं दुखवू शकतो. विद्यार्थी महिन्यातून एकदा येतो, तुम्ही रोज असता. बंदिस्त रेंजवर कानात बोळे आणि वरून कान झाकणारे मफ, दोन्ही घाला. मात्र दोन्हींच्या आकड्यांची बेरीज होत नाही, दुसऱ्या थराने साधारण 5 डेसिबलचीच भर पडते. दुसरी गोष्ट शिशाची. गोळीत शिसं असतं, शिवाय पारंपरिक प्रायमरमध्ये, म्हणजे काडतूस पेटवणाऱ्या टोपीतही असतं, आणि बंदिस्त जागेत ते हवेत तरंगतं. रेंजवर खाणंपिणं नको, हात धुतल्याशिवाय तोंडाला लावणं नको, रेंजचे कपडे आणि बूट घरात नकोत, आणि रक्तातल्या शिशाची तपासणी ठरावीक काळाने करून घ्यावी. प्रथमोपचाराचं म्हणाल तर नुसती पेटी भिंतीवर टांगून उपयोग नाही. रक्तस्राव थांबवायचा टूर्निके स्वतःच्या हातावर एका हाताने बांधता आला पाहिजे. वर्ग सुरू होण्याआधी कोण फोन करणार, फोनवर पत्ता काय सांगणार आणि फाटकापाशी रुग्णवाहिकेला वाट दाखवायला कोण थांबणार, या तीन गोष्टी मोठ्याने ठरलेल्या हव्यात.

आता शिकवण्याकडे येते. यात मला सगळ्यात जास्त रस आहे, थोडं लांबेल.

फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये मांडलेल्या तीन टप्प्यांचा आराखडा अजूनही कामाचा आहे: आधी माणूस विचार करत करत हालचाल करतो, मग ती जुळत जाते, शेवटी आपोआप होते. पहिल्या टप्प्यातल्या माणसाचं डोकं आधीच भरलेलं असतं. त्याला तुम्ही पकड, पाय, श्वास, नजर, ट्रिगर असं पाच गोष्टींचं व्याख्यान एका दमात दिलंत तर तो एकही करत नाही, आणि दोष मात्र त्याच्या माथी येतो. एका वेळी एकच सूचना, तीही चार-पाच शब्दांची. कराटेत सेन्सेई (गुरू) रांगेसमोरून फिरताना प्रत्येकाला काही ना काही सुधारत जातात, ती सवय तुम्हाला असणार. सतत सुधारणा ऐकणारा विद्यार्थी वर्गात छान दिसतो आणि तुमच्याशिवाय कोसळतो, कारण त्याने चूक ओळखायचं काम तुमच्यावर सोपवलेलं असतं. म्हणून मी विचारते: आता काय झालं असं वाटतं? तो सांगतो. बरोबर सांगितलं तर मी गप्प बसते. हे गप्प बसणं शिकायला मला तरी पकड शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

दुसरं, शिया आणि मॉर्गन यांचा 1979 चा प्रयोग. हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली एका गटाने एकेक करून घोटल्या, दुसऱ्याने सरमिसळ करून. सरावाच्या वेळी पहिला गट चांगला दिसला. पण काही काळाने परीक्षा घेतली तेव्हा सरमिसळ करणारे पुढे होते. स्वसंरक्षणाच्या वर्गात याचा अर्थ असा: वीस वेळा गळ्यावरची पकड, मग वीस वेळा केसांची पकड, असं करून घेतलं की सगळ्यांना खूप आल्यासारखं वाटतं आणि तुमचं कौतुक होतं. पुढच्या आठवड्यात न सांगता मागून धरलं की सगळं विसरलेलं असतं. सुरुवातीची ओळख एकेक करून द्या, पण लवकर मिसळायला लागा. वर्ग अडखळेल, विद्यार्थी थोडे हिरमुसतील, तुम्हालाही आपण वाईट शिकवतोय असं वाटेल. तरी करा.

बंदुकीतलं एक उदाहरण देते. नवशिक्याच्या गोळ्या खाली लागतात आणि उजव्या हाताचा असेल तर बरेचदा खाली डावीकडे. रेंजवर एक वर्तुळाकार तक्ता फिरतो: गोळी इथे लागली तर अमुक बोटाची चूक, तिथे लागली तर तमुक मनगटाची. तो तक्ता मुळात एका हाताने झाडायच्या स्पर्धात्मक नेमबाजीतून आलेला आहे आणि दोन हातांच्या पकडीला जसाच्या तसा लागू होत नाही. शिवाय विद्यार्थ्याला "तू धक्क्याआधीच दचकतोस" असं सांगून काही होत नाही, कारण त्याला ते जाणवतच नसतं. धक्का आणि आवाज त्या दचकण्याला झाकून टाकतात. म्हणून मॅगझिनमध्ये त्याच्या नकळत एखादं डमी काडतूस मिसळायचं. ट्रिगर दाबला, आवाज नाही, धक्का नाही, आणि नळी मात्र स्वतःहून खाली बुचकळली. ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. मग बोलावं लागत नाही. पाच गोळ्यांत कुठे डमी आहे हे माहीत नसलेला माणूस हळूहळू प्रत्येकच गोळी डमी असल्यासारखी झाडायला लागतो, आणि उपाय तोच आहे.

ऐकीव आकड्यांपासून सावध राहा. या व्यवसायात ते पिढ्यान्‌पिढ्या तपासल्याशिवाय पुढे सरकतात. डेनिस ट्युलर या सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस अधिकाऱ्याने 1983 मध्ये एका लेखात मांडलं की चाकूवाला माणूस 21 फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर अंतर दीड सेकंदात कापतो, आणि कमरेचं पिस्तूल काढून दोन गोळ्या लागू करायलाही तेवढाच वेळ लागतो. धोका वाटतो त्यापेक्षा आधी सुरू होतो, एवढंच त्यातून शिकायचं होतं. त्याचा पुढे "21 फुटांचा नियम" झाला, आणि काही वर्गांत तो असा सांगितला जातो की जणू त्या रेषेच्या आत आलेल्या कोणावरही गोळी झाडायची मुभा आहे. असं शिकवणाऱ्याचा विद्यार्थी उद्या न्यायालयात उभा राहिला तर त्याच्या पाठीशी काय असेल? दुसरा आकडा मानसशास्त्रज्ञ हिक यांचा. 1952 च्या प्रयोगात दिवे आणि कळा होत्या. पर्याय वाढले की प्रतिसादाचा वेळ वाढत गेला, पण वाढीचा वेग मंदावत गेला. स्वसंरक्षणवाल्यांनी त्यातून "एकच तंत्र शिका, दोन शिकलात तर गोठाल" असं काढलं. 1959 मध्येच मोब्रे आणि रोड्स यांनी दाखवलं होतं की भरपूर सरावानंतर दोन आणि चार पर्यायांतला फरक उरतच नाही. थोडी तंत्रं शिकवा हे मलाही पटतं, पण त्याचं कारण वर्गाचा वेळ थोडा असतो हे आहे.

आता हाताने स्वसंरक्षण, आणि विशेषतः स्त्रियांचे वर्ग, कारण तुमच्याकडे सगळ्यात जास्त मागणी तिथूनच येईल. या क्षेत्रात भक्कम पुरावा थोडा आहे, पण आहे. शार्लिन सेन आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या 893 विद्यार्थिनींवर चाचणी केली. ती 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. बारा तासांचा कार्यक्रम घेतलेल्या गटात वर्षभरात बलात्काराचं प्रमाण 5.2 टक्के होतं, तर नुसती माहितीपत्रकं मिळालेल्या गटात 9.8 टक्के. त्या बारा तासांत काय होतं हे पाहण्यासारखं आहे. मारामारी होती, पण तो एक भाग. बाकी वेळ ओळखीच्या पुरुषाकडून येणारा धोका वेळेत ओळखणं, "उगाच तमाशा नको", "त्याला वाईट वाटेल" हे आतले अडथळे ओलांडणं, स्पष्ट आणि मोठ्याने नाही म्हणणं आणि स्वतःला काय हवं-नको हे स्वतःशी ठरवणं यांत गेला.

याचं कारण उघड आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगातल्या तीनपैकी जवळपास एका स्त्रीला आयुष्यात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा भोगावी लागते, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा नवऱ्याचा किंवा जोडीदाराचा. अंधाऱ्या गल्लीतला मुखवटेवाला हा अभ्यासक्रमाचा नायक करून ठेवला तर वर्गातल्या बहुतेकींच्या खऱ्या धोक्याला तुम्ही हातही लावलेला नसतो. ज्याच्याबरोबर उद्या सकाळी एका टेबलावर बसायचं आहे त्याचे डोळे बोटांनी फोडायचं तंत्र कोण वापरणार?

तुमच्या वर्गात हिंसा सोसलेली व्यक्ती असेलच असं धरून चला, तिने सांगितलं नसलं तरी. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या केंद्रात आलेल्या 298 स्त्रियांच्या 2017 मधल्या अभ्यासात 70 टक्क्यांनी त्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात जागच्या जागी थिजल्याचं सांगितलं. ती शरीराची अनैच्छिक प्रतिक्रिया आहे, भित्रेपणा किंवा संमती नव्हे. म्हणून "प्रतिकार केला की सुटता येतंच", "ओरडली असती तर" असली वाक्यं तोंडातून गेली तर समोर बसलेल्या कोणाला तरी तुम्ही दोषी ठरवलेलं असतं, आणि ती पुढच्या वेळी येत नाही. हात लावायच्या आधी विचारायचं, प्रत्येक वेळी. गळ्यावर हात ठेवायचा असेल तर दोनदा. कुठल्याही सरावातून कारण न देता बाजूला बसता येईल हे पहिल्या पाच मिनिटांत सांगायचं. कोणी रडायला लागलं तर वर्ग तिच्याभोवती गोळा होऊ द्यायचा नाही. सहायकाने शांतपणे बाहेर न्यायचं, पाणी द्यायचं, ऐकायचं. तुम्ही समुपदेशक नाही. मदतकेंद्राचा क्रमांक आणि तिथल्या माणसाचं नाव तुमच्या वहीत आधीपासून असावं.

जाड पॅड घातलेल्या "हल्लेखोरावर" पूर्ण ताकदीने मारायला लावायची पद्धत 1970 च्या दशकात अमेरिकेत रुजली. चांगली आहे, मी वापरते. पण पॅड घातलेल्या माणसाला वेगळं प्रशिक्षण लागतं: कधी जोर वाढवायचा, कधी हरायचं आणि समोरची घाबरून थिजली तर तिला यशाने बाहेर कसं काढायचं. हौशी भाचा उभा करून हे होत नाही. गळा आवळायच्या प्रकारांबद्दल एवढंच की मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर शुद्ध साधारण दहा सेकंदांच्या आत जाते. टॅप केलं, म्हणजे हाताने थोपटून 'सोड' अशी खूण केली, की सोडायचं, टॅप दिसलं नाही असं कारण चालत नाही. नवशिक्यांच्या वर्गात मी ते ठेवतच नाही.

कायदा वकिलाकडून शिका, दुसऱ्या प्रशिक्षकाकडून नको. शब्द आणि कलमं ठिकाणानुसार बदलतात, पण बहुतेक कायदेव्यवस्था हेच विचारतात: धोका आत्ताचा होता का, बळ वापरणं गरजेचं होतं का आणि वापरलेलं बळ धोक्याच्या मानाने होतं का. हल्लेखोर पडला, पळाला, हत्यार टाकलं, की गरज संपली. त्यानंतरची लाथ हा गुन्हा असू शकतो. मजा म्हणजे कित्येक वर्गांत "खाली पडला की अजून दोन लगावा" हे सवयीने घोटून घेतलं जातं. तुमचा विद्यार्थी कधी चौकशीला सामोरा गेला तर त्याला काय शिकवलं होतं हेही विचारलं जाऊ शकतं. प्रत्येक वर्गाची लेखी आखणी, हजेरी, काय शिकवलं आणि कोणाला काय इजा झाली याची तारखेसकट नोंद ठेवा. विमा घ्या. विद्यार्थ्याने सही केलेला जबाबदारीमाफीचा कागद तुमचा निष्काळजीपणा झाकत नाही.

आणि नकार द्यायची तयारी ठेवा. दारू प्यायलेला, "एकाला धडा शिकवायचाय" म्हणणारा, बायकोला धाक दाखवायला बंदूक शिकायची आहे असं चेष्टेने सांगणारा, सतत नळी फिरवून वर हसणारा, यांना परत पाठवायचं. पैसे परत करायचे, कारण एका वाक्यात सांगायचं, वाद घालायचा नाही. जो खूप खचलेला वाटतो आणि अचानक बंदूक शिकायची घाई करतो त्याला नुसतं परत पाठवून चालत नाही. बाजूला घेऊन सरळ विचारायचं की जीव द्यायचा विचार येतोय का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकट्याला जाऊ द्यायचं नाही, कोणाच्या तरी हाती सोपवायचं.

घर चालतं का? थोड्यांचं. मला दिसणारे बहुतेक प्रशिक्षक दुसरी नोकरी सांभाळून हे करतात, आणि पूर्णवेळ करणाऱ्यांचं उत्पन्न एकेकट्या विद्यार्थ्यांपेक्षा शाळा, कंपन्या, रुग्णालयं, सुरक्षारक्षकांच्या तुकड्या अशा ठिकाणच्या ठरलेल्या वर्गांतून येतं. बंदुकीच्या बाजूला रेंजचं भाडं, गोळ्या आणि विमा आधी जातात, मग तुम्ही. हाताने स्वसंरक्षणाला भांडवल कमी लागतं, पण म्हणूनच स्पर्धा जास्त आणि दर्जा खालचा. पहिली दोन वर्षं नोकरी सोडू नका. दोन्ही विषय एकदम सुरू करू नका; तुमच्या हातात कराटे आहे, तर स्वसंरक्षणाने सुरुवात करा आणि रेंजवर तोवर सहायकच राहा. प्रसिद्धीसाठी व्हिडिओ टाकायचे असतील तर टाका, पण विद्यार्थ्यांचे चेहरे त्यांच्या लेखी परवानगीशिवाय नकोत. स्त्रियांच्या वर्गाचे तर अजिबात नकोत. त्यातल्या एखादीचा शोध कोणीतरी घेत असू शकतं.

41 म्हणजे उशीर नाही. उलट पंचविशीतल्या प्रशिक्षकाला विद्यार्थ्यापुढे स्वतःला सिद्ध करायची जी खुमखुमी असते ती तुमची बरीचशी गेलेली असेल. गुडघे आणि खांदे मात्र जपा, कारण या कामात पॅड धरणाऱ्यालाच सगळ्यात जास्त मार बसतो. दिवसाला किती तास पॅड धरायचं याची मर्यादा स्वतःच ठरवा आणि जोडीला सहायक तयार करा. आणि रेंजवर नियमित उभं राहायच्या आधी कानांची तपासणी करून तिचा आलेख जपून ठेवा. पुढे दरवर्षी तशीच तपासणी केलीत तर ऐकू येण्यात काय फरक पडतोय ते त्याच आलेखाशी ताडून कळेल.